जिवंत नावापुढचा दिवा

यहुदी वृद्धाश्रमाच्या कचेरीत ती नोकरीला लागली तेव्हा तिला एक टेबल, एक खुर्ची आणि एक काळा फोन मिळाला होता. पुढे टेबल बदललं, खुर्ची बदलली, फोनही बदलला. ती मात्र तिथेच राहिली. सगळे तिला फोनवाली म्हणत. देणगीदारांशी नातं राखणं हे तिचं काम. पण देणगी हा शब्द ती फोनवर कधी तोंडातून काढत नसे. तिची रीत अशी, की आधी ऐकायचं, मग आणखी ऐकायचं, आणि बोलणारा दमला की हळूच विचारायचं, ‘मग गुडघा काय म्हणतो?’ कुणाच्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं, कुणाचा भाऊ बोलेनासा झाला होता, कुणाच्या पिंजऱ्यातला पक्षी गायचा थांबला होता, सारं तिच्या ध्यानात असे. पाऊस जमिनीत मुरतो आणि मग केव्हातरी, कुठल्यातरी विहिरीत पाणी चढतं. तसं हे ऐकणं मुरत जाई आणि वृद्धाश्रमाची चूल पेटती राही.

आश्रमाच्या तळमजल्यावर प्रार्थनाघर होतं. त्याच्या एका भिंतीवर पितळी फलक, फलकावर गेलेल्या माणसांची नावं, आणि दर नावाशेजारी नखाएवढा बल्ब. माणूस ज्या तिथीला गेला ती तिथी यहुदी पंचांगाप्रमाणे आली, की फोनवाली त्या नावाचा बल्ब थोडा पिळून लावायची. मग त्या घरी फोन करायची. ‘तुमच्या वडिलांचा दिवा लावलाय हं,’ एवढंच. त्या एका वाक्याने कितीतरी घरं आश्रमाशी बांधलेली होती.

त्या घरांतलं सगळ्यांत जुनं घर घड्याळवाल्या आजींचं. त्यांच्या यजमानांचं घड्याळांचं दुकान होतं. ते गेले तेव्हा आजींनी फलकावर दोन नावं कोरून घेतली, एक यजमानांचं आणि शेजारी स्वतःचं. नंतर शेजारची जागा दुसऱ्या कुणी घेऊ नये, एवढाच त्यामागचा विचार. पण कोरून झालं आणि आजी घाबरल्या. जिवंतपणी आपलं नाव मेलेल्यांच्या भिंतीवर! तेव्हापासून त्यांनी प्रार्थनाघरात पाऊल ठेवलं नव्हतं. यजमानांची तिथी घरीच पाळायच्या. फोनवाली आश्रमात आली ती त्यानंतर. दर शुक्रवारी दुपारी दोघी बोलायच्या, पण एकमेकींचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं.

यंदा यजमानांची तिथी शनिवारी येत होती.

‘आजी, या ना एकदा,’ फोनवाली म्हणाली होती. ‘आजोबांचा दिवा बघाल तरी.’

‘आणि शेजारी माझं नाव बघू? नको गं बाई.’

‘नुसतं नाव आहे आजी. तुमचा बल्ब मी सैलच ठेवलाय. माझ्या हाती आहे तो. लागायचा नाही.’

कितीतरी शुक्रवार हेच बोलणं चाललं होतं. आणि त्या शुक्रवारी दुपारी आजी अचानक म्हणाल्या, ‘बरं. उद्या येते. तुझ्या भरवशावर येते हो फोनवाले.’

फोनवालीला वाटलं, आपण आयुष्यात एक काम तरी नीट केलं.

आनंदातच उशीर झाला. शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो. मग शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत दिवा लावायचा नाही, विझवायचा नाही, फोन उचलायचा नाही, खिशात काही घेऊन रस्त्यावर निघायचं नाही. ऊन भिंतीवरून उतरत होतं तेव्हा ती प्रार्थनाघरात धावली, स्टुलावर चढली आणि तिच्या बोटांनी नेहमीची जागा शोधून बल्ब पिळला. बोटांना जागा पाठ होती. डोळ्यांनी नाव वाचलं नाही.

त्याच महिन्यात फलकाला पॉलिश झालं होतं. कारागिरांनी नावांच्या पट्ट्या उतरवल्या, घासल्या आणि परत लावताना नवऱ्याच्या जागी बायकोची पट्टी लावली आणि बायकोच्या जागी नवऱ्याची.

प्रार्थना सुरू झाली. बाहेर अंधारलं. फोनवालीने समाधानाने फलकाकडे पाहिलं. यजमानांचं नाव काळोखात होतं. शेजारी आजींचं नाव पिवळ्या उजेडात, अक्षर न् अक्षर वाचता येईल असं, जळत होतं.

प्रार्थना संपली, माणसं एकमेकांना शुभेच्छा देऊन पांगली. ती रब्बींपाशी, प्रार्थना चालवणाऱ्या धर्मगुरूंपाशी गेली. रब्बी म्हातारे, कमी बोलणारे. त्यांनी फलकाकडे पाहिलं आणि बराच वेळ दाढी कुरवाळली.

‘विझवता नाही येणार,’ ते म्हणाले.

‘कापड टाकलं तर?’

‘बल्ब तापलाय. कापड पेटलं तर वर साठ म्हातारी माणसं झोपलेली आहेत.’

‘मग काहीच नाही करता येणार?’

‘जीव धोक्यात असेल तर सगळं करता येतं. शब्बाथही मोडता येतो.’ रब्बींनी तिच्याकडे पाहिलं. ‘तू त्यांना ओळखतेस. त्यांचा जीव धोक्यात आहे का?’

हो म्हटलं की दिवा विझणार होता. पण आजींच्या जळत्या नावासमोर उभं राहून, आजींचा जीव धोक्यात आहे, हे शब्द उच्चारायचे कसे? म्हटलं आणि खरं झालं तर?

‘मला नाही सांगता येत,’ ती म्हणाली.

‘मग चालता तर येतं,’ रब्बी म्हणाले. ‘सकाळी जाऊन सांग त्यांना. दारात कळण्यापेक्षा घरात कळलेलं बरं.’

ते गेले. दाराशी आश्रमाचा वॉचमन बसला होता. तो यहुदी नव्हता. त्याला शब्बाथचं बंधन नव्हतं. पण ‘विझव’ असं त्याला सरळ सांगणंही नियमात बसत नव्हतं. जुनी माणसं अशा वेळी आडून सुचवायची. फोनवालीने त्याला आत बोलावलं.

‘काय उजेड पडलाय ना इथे,’ ती म्हणाली.

‘छान पडलाय, ताई. पॉलिशने उजळलं.’

‘डोळ्यांना फार त्रास होतो मला. ह्या एवढ्याशा दिव्याचा.’

वॉचमन काळजीत पडला. ‘थांबा,’ म्हणाला आणि तिची खुर्ची उचलून फलकाकडे पाठ करून ठेवली. ‘बसा आता. त्रास नाही व्हायचा.’

‘तसं नाही रे दादा. हा दिवा नसता तर किती बरं झालं असतं, असं वाटतं.’

‘ताई, गेल्या साली मी जिन्यातला दिवा मालवला होता तुमच्या शनिवारी. अध्यक्षसाहेबांनी केवढं झापलं मला! तेव्हापासून आपण इकडच्या बटणाला हात लावत नाही. जळतंय ते जळू द्या. वीज काय माझ्या बापाची आहे?’

तिला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. आपली चूक आपण ह्या भल्या माणसाच्या हातून पुसायला निघालो होतो.

रात्री डोळा लागला नाही. डोळे मिटले की ते नाव दिसे.

सकाळी ती निघाली. रोज हातात पिशवी, पिशवीत फोन. आज दोन्ही हात मोकळे, आणि मोकळ्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. आजींच्या घराचा पत्ता तिला तोंडपाठ होता, पण तो रस्ता तिने कधी पाहिला नव्हता. दुकानांची अर्धी उघडलेली दारं, फुटपाथवर पाणी मारणारा माणूस, कोपऱ्यावर बंद पडलेलं कारंजं, सगळं ओलांडून ती चालली. एकदा ती परतही फिरली. मग मनात आलं, आजी आता निघायच्या तयारीत असतील, आणि पावलं पुन्हा पुढे पडली.

दार आजींच्या मुलाने उघडलं. पन्नाशीचा, उंच, न घाललेल्या चष्म्याची खूण नाकावर असलेला माणूस. वडील गेल्यावर त्याने आश्रमाला एकदाच फोन केला होता, आपलं नाव आणि नंबर खोडून टाका, हे सांगायला.

‘कोण हवंय?’

‘मी आश्रमातली. आजींना फोन करते ती.’

‘अच्छा, त्या तुम्ही! आता घरपोच वसुली सुरू केलीत वाटतं? शनिवारी तरी सुट्टी घ्या.’

‘आजींना भेटायचं होतं. दोन मिनिटं.’

‘आईची तब्येत बरी नाही. काल तुमच्याशी बोलल्यापासून जागी आहे. नवे बूट काढलेत, कपाट उपसलंय. काय घातलंत तिच्या डोक्यात?’

आतून आवाज आला, ‘फोनवाली का रे ती? अरे, दारात काय उभी केलीयस तिला! आवाज ओळखला मी.’

फोनवालीच्या मनातल्या आजी धिप्पाड होत्या. आवाजच तसा भरदार. समोर खुर्चीत बसली होती ती मुठीत मावेल एवढी बाई, एका पायात बूट चढवलेला, दुसरा हातात. भिंतीवर सगळीकडे घड्याळं टिकटिकत होती.

‘तू इतकी बारीक कशी गं?’ आजी म्हणाल्या. ‘मला वाटलं, चांगली जाडजूड असशील.’

‘मलाही तुमच्याबद्दल तसंच वाटलं होतं.’

आजी हसल्या. ते हसू मोडायचं होतं. फोनवालीने खुर्चीजवळ गुडघे टेकले.

‘आजी, माझ्या हातून चूक झाली. पट्ट्या बदलल्या होत्या आणि मी वाचलं नाही. तुमच्या नावाचा दिवा लागलाय. काल संध्याकाळपासून.’

आजींच्या हातातला बूट खाली पडला. तोंडावरचं रक्त असं उतरलं, जसं उताराच्या वावरातून पाणी उतरतं.

‘बस झालं!’ मुलगा ओरडला. ‘जिवंत माणसाच्या नावाने दिवे लावता? आईला घाबरवून मारायचंय का तुम्हाला? एवढ्यासाठी दर शुक्रवारी गोड बोलत होता? आजपासून ह्या घराचा आणि तुमच्या त्या आश्रमाचा काडीचाही संबंध नाही!’

फोनवाली मान खाली घालून राहिली. ह्यात खोटं काहीच नव्हतं.

‘आणि ह्यांचा?’ आजींनी बारीक आवाजात विचारलं. ‘ह्यांचा दिवा?’

‘बंद आहे, आजी.’

‘म्हणजे ते अंधारात.’ आजींनी हात पुढे केला. ‘तो बूट दे इकडे.’

‘आई, तू कुठेही जात नाहीयेस,’ मुलगा म्हणाला.

‘इथे बसून काय करू? पाठीमागे कुठेतरी जळतोय, हे ठाऊक असून बसू? त्यापेक्षा समोर बसलेलं बरं. डोळ्यांत डोळे घालून तरी बसता येईल त्याच्या.’

‘मी नाही येणार तिथे.’

‘तुला कुणी बोलावलंय?’

शब्बाथ म्हणून आजींनी गाडी नको म्हटली. फोनवालीचा दंड त्यांनी असा धरला, की बोटं हाडापर्यंत गेली. रस्ताभर त्या बोलल्या नाहीत. फक्त कारंज्यापाशी थांबून म्हणाल्या, ‘मला हे नको होतं गं.’ मग पुन्हा चालू लागल्या.

प्रार्थनाघरात माना वळल्या, कुजबुज झाली. आजी सरळ फलकासमोर जाऊन बसल्या आणि त्यांनी वर पाहिलं. फोनवालीला त्यांचा थरथरता गुडघा दिसत होता. रब्बींनी यजमानांचं नाव घेऊन प्रार्थना म्हटली. आजींचे ओठ हलत होते. डोळे मात्र आपल्याच नावावर खिळले होते. सगळे गेले तरी त्या उठल्या नाहीत.

‘मी हलणार नाही इथून. तो विझेपर्यंत नाही. तूही बस.’

दोघी बसल्या. वरच्या मजल्यावर ताटांचा आवाज झाला आणि थांबला. खिडकीतलं ऊन एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकलं. एक नर्स दोघींना पाणी देऊन गेली. आजी बोलेनात. लोकांना बोलतं करण्यात जिची हयात गेली, तिला आज एक शब्द सुचेना. गुडघ्याचं विचारावं तर तो तिच्यासमोर कापत होता.

केव्हातरी आजींची मान छातीवर आली. फोनवालीने आधी त्याकडे लक्ष दिलं नाही. मग तिला जाणवलं, की खोली फार शांत झालीय. आजींचा हात मांडीवरून घसरून बाकाच्या कडेला लोंबत होता. छाती हलते का? हलत नव्हती. की हलत होती? काळ्या कपड्यात काही कळेना.

‘आजी,’ ती म्हणाली. मग मोठ्याने, ‘आजी!’

भिंतीवर ते नाव जळत होतं, आणि आता त्यात चूक काहीच उरली नव्हती, असं तिला वाटलं. नावाने माणसाला ओढून नेलं होतं. ती उठली, स्टूल ओढलं, वर चढली. शब्बाथ आहे हे तिला ठाऊक होतं. काल रब्बींनी विचारलं होतं त्याचं उत्तर आज तिच्यापाशी होतं. दिवा विझला तर अजूनही आजी परत फिरतील, असलं काहीतरी वेडं तिच्या मनात होतं. काचेची धग बोटांना लागली.

खाली घोरण्याचा एक खणखणीत आवाज झाला.

फोनवालीचा पाय स्टुलावरून सुटता सुटता राहिला.

‘वर चढून काय करतेयस?’ आजींनी डोळे न उघडता विचारलं.

‘काही नाही.’

‘विझवत होतीस?’

तिने बल्बवरची बोटं काढून घेतली.

‘मी मेले असं वाटलं तुला?’

‘हो आजी.’ आणि फोनवाली स्टुलावर उभ्या उभ्याच रडायला लागली.

‘उतर खाली. पडशील, मग तुझ्या नावाची पट्टी करावी लागेल.’ ती उतरून शेजारी बसल्यावर आजींनी डोळे उघडले. ‘एक विचारू? हा दिवा उद्या खरंच लागेल. तेव्हा फोन कुणाला करशील?’

‘म्हणजे?’

‘तुझी रीत आहे ना, दिवा लावला की घरी फोन करायचा. माझ्या घरी कोण उचलणार? मी तर इथे असणार, भिंतीवर. आणि त्याने तर नंबर खोडायला लावला.’ आजींचा आवाज पहिल्यांदाच फाटला. ‘मरायचं भय आहेच गं, ते कुणाला नसतं? पण हा इथे जळतोय आणि कुणाला पत्ता नाही, हे मी मघापासून बघतेय. सकाळपासून हेच बघत बसलेय.’

फोनवालीला खोटं बोलता आलं असतं. ‘मी आहे ना,’ म्हणता आलं असतं. पण काल असाच भरवसा तिने दिला होता.

‘ठाऊक नाही, आजी,’ ती म्हणाली. ‘कुणाला फोन करायचा, ते मला ठाऊक नाही.’

आजींनी मान हलवली आणि तिचा हात धरला. सकाळसारखा आवळून नाही.

खिडकीतलं आभाळ काळं पडत गेलं. वॉचमनने बाहेरून डोकावून सांगितलं, ‘ताई, एक चांदणी आली!’ मग दुसरी. तिसरी आली तेव्हा त्याच्यामागे आजींचा मुलगा उभा होता. तो उंबऱ्यातच थांबला, गाडीची किल्ली मुठीत.

‘झालं असेल तर चल आई.’

फोनवाली स्टुलावर चढली. पण तिची बोटं ऐकेनात. दोन बल्ब, दोन पट्ट्या; पुन्हा चुकलं तर? तिने तीनतीनदा नाव वाचलं तरी हात पुढे जाईना.

‘मला होत नाही,’ ती खाली उतरत म्हणाली.

‘चमत्कारिकच आहात,’ मुलगा पुटपुटला आणि तरातरा आत आला. त्याला स्टूल लागलं नाही. खिशातला चष्मा काढून त्याने आधी जळतं नाव वाचलं. ते त्याच्या आईचं होतं. तो बघतच राहिला. त्याच्या मानेवरची शीर उडताना फोनवालीला दिसली. हीच शीर आजींच्या मानेवर सकाळपासून उडत होती.

त्याने बल्ब पिळला. आजींचं नाव विझलं. आजींनी एवढा मोठा श्वास सोडला, की जणू कालपासून धरून ठेवला होता.

‘बाबांचा कुठला?’ त्याने वळून न पाहता विचारलं.

‘शेजारचाच,’ फोनवाली म्हणाली. ‘वाचून घ्या हं.’

त्याने वाचलं. बोट अक्षरांवरून फिरवत वाचलं. चांदण्यांबरोबर तिथी संपली होती, पण आता ते सांगायचा धीर कुणाला नव्हता. दिवा लागला. तिघंही उभी राहिली. मग आजी म्हणाल्या, ‘चला, मला भूक लागलीय,’ आणि मुलाच्या हाताला धरून बाहेर पडल्या. जाताना त्या फोनवालीशी काही बोलल्या नाहीत.

ती घरी निघाली. संबंध संपला, तिने मनाशी म्हटलं. संपायलाच हवा होता. रस्त्यावर दिवे लागले होते. मागून गाडी आली आणि तिच्याजवळ थांबली. मागच्या सीटवर आजी डोळे मिटून बसल्या होत्या. मुलाने काच खाली केली.

‘ऐका बाई. तुम्ही आज माझ्या आईला मरणाचं घाबरवलंत.’

‘हो.’

‘ह्यापुढे असलं काहीही असेल, दिवा असो, चूक असो, काय वाटेल ते असो, आधी मला कळवायचं. तिला नाही. मला.’

आणि त्याने नंबर सांगितला. एकदाच, भरभर, रागावल्यासारखा. काच वर गेली आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

फोनवालीने पेनसाठी सवयीने पिशवी चाचपली. पिशवी नव्हती. पेन नव्हतं, कागद नव्हता, फोन नव्हता, सगळं घरी. आसपासची दुकानं बंद झाली होती. तिने नंबर मोठ्याने म्हटला. परत म्हटला. शेवटच्या दोन आकड्यांत घोटाळा वाटला म्हणून जागीच थांबली, डोळे मिटून तो रागीट आवाज पुन्हा कानात आणला, आणि मग कुणाशी न बोलता, कुणाकडे न बघता, ओठांनी एकेक आकडा घट्ट धरून ती घराकडे जवळजवळ पळत सुटली.